आतड्यातील संशयित खाती

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आतड्याच्या रोगावर लेख लिहावा, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. विज्ञान शाखेतील मित्र हसतील, आणि आमचे प्राध्यापक म्हणतील की, याने आधी ताळेबंद जुळवायला शिकावे. परंतु ज्या प्रश्नाविषयी मी लिहिणार आहे तो जितका डॉक्टरांचा आहे तितकाच हिशेबाचा आहे, अशी माझी खात्री झाली आहे. म्हणून हे धाडस.

प्रश्न असा आहे. माणसाच्या मोठ्या आतड्यात पॉलिप नावाचे लहान लहान कोंब उगवतात. त्यांपैकी काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. बहुतेकांचे होत नाही. मग कोणत्याचे होणार, हे आधी ओळखायचे कसे?

आमच्या जमाखर्चाच्या पुस्तकात 'बुडीत व संशयित कर्ज निधी' म्हणून एक प्रकरण असते. व्यापाऱ्याची शंभर गिऱ्हाइकांकडे उधारी आहे. अनुभवाने त्याला ठाऊक असते की, यातली पाचएक खाती बुडणार. परंतु नेमकी कोणती पाच, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तो एकूण येण्यावर पाच टक्के रक्कम नफ्यातून बाजूला काढून ठेवतो आणि निश्चिंत होतो. पैशाच्या व्यवहारात ही युक्ती चालते, कारण तेथे सरासरी पुरते. माणसाच्या बाबतीत सरासरी पुरत नाही. एखाद्या गृहस्थाला पाच टक्के कर्करोग होत नाही. त्याला तो होतो, किंवा होत नाही. तेव्हा डॉक्टरांना निधी काढून स्वस्थ बसता येत नाही. त्यांना खाते न् खाते तपासावे लागते. आणि हे खाते कसे तपासावे, यावर गेली शंभर वर्षे जगात संशोधन चालू आहे.

प्रथम पॉलिप म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्या मोठ्या आतड्याचे आतले अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होत असते. जुन्या पेशी गळून पडतात, खालून नव्या वर येतात. या नव्या-जुन्याच्या हिशेबात कोठे तरी चूक होते, नव्या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात, आणि अस्तरावर एक उंचवटा दिसू लागतो. कधी त्याला देठ असतो, कधी तो नुसता चिकटून बसलेला असतो, कधी इतका सपाट असतो की अनुभवी डोळ्यालाही चकवतो. यातले काही प्रकार निरुपद्रवी असतात. 'अ‍ॅडेनोमा' नावाचा प्रकार मात्र कर्करोगाच्या वाटेवरचा समजला जातो. त्याशिवाय करवतीसारख्या दातेरी रचनेचा एक प्रकार आहे; त्याचा धोका तज्ज्ञांच्या ध्यानात बराच उशिरा आला.

आता आकडे पाहा. पाश्चात्त्य देशांत पन्नाशी उलटलेल्या चार माणसांपैकी निदान एकाच्या आतड्यात अ‍ॅडेनोमा सापडतो. पण अमेरिकेसारख्या देशात सबंध आयुष्यात मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग होतो तो शंभरातील सुमारे चौघांना. म्हणजे कोंब पुष्कळांना, रोग थोड्यांना. आणि ज्यांना रोग होतो त्यांच्यातही कोंबापासून रोगापर्यंतचा प्रवास बहुधा दहा वर्षांचा किंवा त्याहूनही जास्त असतो. इतका सावकाश चालणारा शत्रू क्वचितच असेल. अडचण एवढीच की, शत्रू आणि निरुपद्रवी वाटसरू एकाच वेषात, एकाच रस्त्याने चाललेले असतात.

हा प्रश्न मला का पडला, तेही सांगितले पाहिजे. गेल्या वर्षी माझ्या मामांना शौचाच्या वेळी रक्त पडू लागले. आपल्याकडे रक्त पडले की मूळव्याध, हे ठरलेलेच. दोन महिने घरगुती औषधे झाली. शेवटी शहरातल्या एका इस्पितळात दुर्बिणीची तपासणी झाली, तीत तुरीच्या दाण्याएवढा, सहा मिलिमीटरचा एक पॉलिप सापडला आणि तो तेथल्या तेथे काढण्यात आला. आठवड्याने कागद हातात आला. 'ट्युब्युलर अ‍ॅडेनोमा, लो ग्रेड डिस्प्लेशिया.' कागद देणाऱ्याने उभ्या उभ्या एवढेच सांगितले की, ही कॅन्सरच्या आधीची गाठ आहे, तीन वर्षांनी पुन्हा या.

त्या वाक्यातला 'आधीची' हा शब्द वाटेतच गळून पडला. घरी पोहोचला तो फक्त 'कॅन्सर' आणि 'गाठ'. आमच्या मामींचे माहेर कन्नड. तिकडे निरोप गेला तो 'गड्डे' झाली म्हणून. मामांनी दिवाळीचा माल भरला नाही. उधारी वसूल करायला सुरुवात केली. माझी मामेबहीण बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. 'माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे' म्हणून तिचे कॉलेज थांबवून स्थळे पाहणे सुरू झाले. चार महिन्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी तोच कागद पाहिला आणि पाच मिनिटांत उलगडून सांगितले की, जे होते ते काढून टाकले आहे, ते लहान होते, सर्वांत कमी धोक्याच्या वर्गातले होते, आणि रक्त पडत होते ते खरोखरच मूळव्याधीचे होते. मामा पुन्हा दुकानात बसू लागले. बहिणीचे ते वर्ष मात्र गेले ते गेलेच.

तेव्हा 'कोणता पॉलिप धोक्याचा' हा काही प्रयोगशाळेतल्या काचपट्टीवरचाच प्रश्न नाही. त्याच्या उत्तरावर कोणाचे दुकान, कोणाचे शिक्षण आणि कोणाची झोप अवलंबून असते. मी ग्रंथालयात आणि संगणकावर जे सापडले ते वाचू लागलो ते यामुळे.

वाचताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, या संशोधनाच्या वाटेत एक विचित्र अडथळा आहे. पॉलिप पुढे काय करतो हे पाहायचे तर तो जागेवर ठेवला पाहिजे. पण दिसलेला पॉलिप जागेवर ठेवणे कोणत्या डॉक्टरला परवडेल? १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोन डॉक्टरांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास सरकवून, पोट न फाडता, पॉलिप काढून दाखवला. तेव्हापासून जो दिसेल तो काढायचा, अशी रीत पडली. रीत उत्तमच. अमेरिकेत १९८० साली सुरू झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात पॉलिप काढलेल्या १,४१८ रुग्णांवर सरासरी सहा वर्षे लक्ष ठेवले गेले. १९९३ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इतक्या लोकांत कर्करोग निघाला तो अवघ्या पाच जणांना. एरवी जितक्यांना होईल अशी अपेक्षा होती त्यापेक्षा हे प्रमाण, तुलना कोणाशी करता त्यानुसार, ७६ ते ९० टक्क्यांनी कमी होते. पॉलिप काढल्याने रोग टळतो हे यावरून सिद्ध झाले. परंतु काढलेल्यांपैकी कोणते पॉलिप खरोखर बिघडणार होते, हे मात्र कायमचे गुलदस्तात राहिले. सगळ्याच गिऱ्हाइकांची उधारी बंद केली तर बुडवणारा कोण होता हे कधीच कळत नाही, तसे.

म्हणून या प्रश्नावर खरा प्रकाश पाडला तो जुन्या वह्यांनी. लंडनला सेंट मार्क्स नावाचे, केवळ आतड्याच्या आणि गुदाच्या रोगांसाठी असलेले एक इस्पितळ आहे. तेथे कथबर्ट ड्यूक्स नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. शस्त्रक्रियेत काढलेला प्रत्येक तुकडा तपासून त्याची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता. १९२४ च्या सुमारास त्यांनी विशीच्या आतला एक मुलगा प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतला. त्याचे नाव बसी. हा मुलगा डॉक्टर नव्हता. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आतड्यात शेकडो, हजारो पॉलिप उगवतात आणि उपचार न झाल्यास चाळिशीच्या आसपास जवळजवळ प्रत्येकाला कर्करोग होतो, असा एक आनुवंशिक विकार आहे. अशा घराण्यांची नोंदवही सेंट मार्क्समध्ये सुरू झाली, आणि ती सांभाळण्याचे काम बसींनी आयुष्यभर केले. आजोबा, वडील, मुलगा, नात. कोण कधी तपासला गेला, कोण कधी वारला, सगळे त्या वहीत. १९७५ साली या रोगावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि १९८७ साली, या विकाराचे मूळ माणसाच्या पाचव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे हे सांगणारा जो शोधनिबंध निघाला, त्याच्या लेखकांत बसींचेही नाव आहे. साठ वर्षांची खतावणी अशी कामाला आली. माझ्याहून लहान वयात वही हातात घेतलेल्या, डॉक्टर नसलेल्या या माणसाची हकीकत वाचून, वाणिज्य शाखेच्या मुलाने या विषयावर बोलू नये असे मला वाटेनासे झाले.

याच इस्पितळातून मुटो, बसी आणि मॉर्सन या तिघांनी १९७५ साली दुसरा एक हिशेब मांडला. सुमारे अडीच हजार पॉलिप तपासून, त्यांपैकी किती पॉलिपांत कर्करोग आधीच शिरलेला होता हे त्यांनी मोजले. एक सेंटिमीटरपेक्षा लहान पॉलिपांत हे प्रमाण १.३ टक्के, एक ते दोन सेंटिमीटरच्या पॉलिपांत ९.५ टक्के, आणि दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्यांत ४६ टक्के निघाले. रचनेप्रमाणे पाहता साध्या नळीदार पॉलिपांत सुमारे ५ टक्के, तर झालरीसारख्या पॉलिपांत सुमारे ४१ टक्के. आज कोणत्याही इस्पितळाच्या कागदावर पॉलिपचे आकारमान आणि रचना लिहिलेली असते, तिचे महत्त्व अशा हिशेबांतून ठरले.

पण हाही त्या त्या क्षणाचा ताळेबंद झाला. पुढे काय होते हे त्यातून कळत नाही. ते कळले अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या जुन्या कागदांतून. दुर्बीण येण्यापूर्वी तेथे बेरियम पाजून नव्हे तर गुदावाटे सोडून क्ष-किरणाने आतड्याची छायाचित्रे काढीत. त्यांत एक सेंटिमीटरहून मोठा पॉलिप दिसूनही, काही ना काही कारणाने ज्यांचा तो काढला गेला नाही, असे २२६ रुग्ण संशोधकांनी शोधून काढले आणि पुढे त्यांचे काय झाले ते पाहिले. १९८७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: त्याच जागी कर्करोग होण्याची शक्यता पाच वर्षांत २.५ टक्के, दहा वर्षांत ८ टक्के, आणि वीस वर्षांत २४ टक्के. म्हणजे मोठा म्हणून ज्याची धास्ती घ्यावी असा पॉलिपसुद्धा वीस वर्षे तसाच राहिला, तरी चारांपैकी तिघांच्या बाबतीत त्या जागी कर्करोग झाला नाही. हा आकडा मी दोनदा वाचला. तो दिलासा देणारा आहे की भीतिदायक, हे वाचणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून आहे; पण तो 'गाठ म्हणजे कॅन्सर' या आपल्या समजुतीपेक्षा फार वेगळा आहे, एवढे नक्की.

पुढे जनुकांचे युग आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बर्ट व्होगेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान पॉलिप, मोठे पॉलिप आणि कर्करोग यांतील पेशींची तुलना केली, आणि १९८८ व १९९० साली दाखवून दिले की, हा रोग एका फटक्यात होत नाही. तो पायऱ्या चढत येतो. बहुधा प्रथम वाढीला लगाम घालणारे एपीसी नावाचे जनुक निकामी होते. मग केरास नावाच्या जनुकात बदल होऊन वाढीला जोर मिळतो. शेवटी शेवटी, बिघडलेल्या पेशीला मरण पत्करायला लावणारे पी-त्रेपन्न हे पहारेकरी जनुक बिघडते. यातले एपीसी हे जनुक १९९१ साली नेमके हाती लागले, आणि त्या शोधाची वाट वर सांगितलेल्या घराण्यांच्या नोंदींवरूनच गेली होती.

पायऱ्या कळल्या, तरी कोण चढणार आणि कोण पहिल्याच पायरीवर बसून राहणार हे कळले नाही. पहिली पायरी तर पुष्कळच पॉलिप चढलेले असतात. अमेरिकेतच पेरी पिकहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नामी उपाय केला. सी. टी. स्कॅनने आतडे पाहायचे, आणि सहा ते नऊ मिलिमीटरचे पॉलिप लगेच न काढता, रुग्णाला कल्पना देऊन, दोनेक वर्षांनी पुन्हा पाहायचे. २०१३ साली त्यांनी ३०६ पॉलिपांचा हिशेब दिला. ६८ वाढले. १५३ होते तसेच राहिले. ८५ आकसले, आणि त्यांपैकी ३२ तर दिसेनासेच झाले. जे पुढे धोक्याच्या वर्गातले ठरले ते बहुतेक वाढणाऱ्यांतलेच होते. मामांचा पॉलिप नेमका याच आकाराचा होता. आकसणारी गाठ! आमच्या गल्लीत हे सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

अगदी अलीकडे, २०२१ साली, नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी पॉलिपातील पेशी एकेकट्या वेगळ्या करून तपासल्या. त्यांना असे दिसले की, अ‍ॅडेनोमा आणि दातेरी पॉलिप हे एकाच रस्त्याचे प्रवासी नाहीत. पहिला अस्तराच्या तळाशी असणाऱ्या मूळ पेशींच्या बिघाडातून येतो. दुसरा वरच्या, तयार झालेल्या पेशी जठराच्या पेशींसारखे रूप घेऊ लागल्याने. रस्ते दोन असतील तर पहारेही दोन ठिकाणी बसवले पाहिजेत. केवळ आकार मोजून भागणार नाही, हे यावरून उघड आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'हे सारे ठीक. पण जो दिसेल तो काढून टाकला की काम झाले. कोणता बिघडणार याची उठाठेव हवी कशाला?' हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण रुग्णाच्या दृष्टीने तो सरळ आहे. मामांचा पॉलिप काढला हे योग्यच झाले. दिसलेला काढण्याला माझा विरोध नाही. माझे म्हणणे आहे ते काढल्यानंतरच्या आणि दिसण्याआधीच्या व्यवहाराविषयी.

काढल्यानंतर प्रश्न येतो तो पुन्हा तपासणी कधी, हा. ज्याच्या आतड्यात एक पॉलिप झाला त्याच्यात दुसराही होऊ शकतो. पूर्वी यासाठी सरसकट थोड्या थोड्या वर्षांनी बोलावीत. नोंदी साठत गेल्या तसे अंतर वाढत गेले. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने २०२० साली ठरवले की, एक सेंटिमीटरहून लहान, साधे नळीदार पॉलिप एक-दोनच असतील तर पुढची तपासणी सात ते दहा वर्षांनी. तीन-चार असतील तर तीन ते पाच वर्षांनी. पाच ते दहा असतील, किंवा एखादा एक सेंटिमीटरचा वा त्याहून मोठा असेल, किंवा झालरीसारखा वा जास्त बिघडलेल्या पेशींचा असेल, तर तीन वर्षांनी. हे वाचून मामांना सांगितलेली तीन वर्षे कोठून आली, असा प्रश्न मला पडला. तीन आणि दहा या दोन आकड्यांमध्ये किती रुपये, किती रजा, किती उपास आणि जुलाबाची औषधे, आणि किती रात्रींची काळजी मावते, याचा हिशेब कोणीही करून पाहावा. शिवाय दुर्बिणीची तपासणीही अगदी निर्धोक नसते. क्वचित रक्तस्राव होतो, क्वचित आतड्याला छिद्र पडते. धोका थोडा असला तरी तो कारणाशिवाय पत्करण्यात अर्थ नाही.

आता दिसण्याआधीचा व्यवहार. युरोपात पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधील पंचावन्न ते चौसष्ट वयाच्या सुमारे पंच्याऐंशी हजार लोकांवर एक चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०२२ साली आला. काहींना दुर्बिणीच्या तपासणीचे आमंत्रण दिले, बाकीच्यांना दिले नाही. आमंत्रितांपैकी शंभरातील ४२ जणच आले. दहा वर्षांत कर्करोगाचे प्रमाण न बोलावलेल्यांत १.२० टक्के आणि बोलावलेल्यांत ०.९८ टक्के राहिले. फरक आहे, पण आपण समजतो तितका मोठा नाही. आणि जे आलेच नाहीत त्यांच्यामुळे तो आणखी लहान दिसतो. सरसकट सर्वांना बोलावण्याची ही किंमत श्रीमंत देश मोजू शकतात. आपण?

आपल्याकडे या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा कमी आहे. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांसाठी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कर्करोग तपासण्याची योजना आहे, आतड्याचा नाही. काही जण याला अन्याय म्हणतील. मी म्हणत नाही. तंबाखूने गिळलेली तोंडे आपल्या बाजारपेठेत रोज दिसतात. पैसा पहिल्यांदा तेथेच जायला हवा. पण म्हणूनच 'कोणता पॉलिप बिघडणार' हा प्रश्न श्रीमंत देशांपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे. ज्याच्याकडे दुर्बिणी आणि त्या चालवणारे हात भरपूर आहेत त्याने सुक्याबरोबर ओलेही जाळले तरी त्याचे निभते. ज्याच्या जिल्ह्यात हे हात बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्याला निवड करावीच लागते. निवडीचे शास्त्र ही गरिबाची गरज आहे. ते मात्र आज पैसेवाल्यांच्या देशात, त्यांच्याच आतड्यांवर तयार होत आहे. त्यांचा आहार वेगळा, वय वेगळे, रोगाचे प्रमाण वेगळे. त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडतील असे गृहीत धरणे म्हणजे लंडनच्या पेढीची बुडीत टक्केवारी आमच्या रविवार पेठेतल्या दुकानाला लावण्यासारखे आहे.

मग आपण काय करावे? प्रयोगशाळा काढणे आपल्या हाती नाही. परंतु वही ठेवणे आपल्या हाती आहे. आणि वहीची परंपरा आपल्याकडे अगदीच नाही असेही नाही. १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू केली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१ साली सुरू झाला, आणि १९८२ पासून बंगळूर, मुंबई व मद्रास येथे त्याप्रमाणे काम चालू झाले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या राजधान्या त्यात पहिल्यापासून आहेत, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. रोगाच्या नोंदीला भाषेचा वाद आडवा येत नाही. मात्र या वह्यांत नोंद होते ती कर्करोगाची. पॉलिपची, म्हणजे बुडण्याआधीच्या खात्याची, नोंद रुग्णाच्या घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून असते आणि घर बदलताना रद्दीत जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या ज्या इस्पितळांत ही तपासणी होते तेथे काढलेल्या प्रत्येक पॉलिपचे आकारमान, जागा, रचना आणि पुढच्या तपासणीचा निकाल एका समान नमुन्यात लिहून ठेवावा, आणि रुग्णाचे नाव वगळून तो एकत्र करावा. याला यंत्र लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि ती वीस वर्षे टिकली पाहिजे.

दुसरी गोष्ट घराची. ज्याच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला, त्याने चाळिसाव्या वर्षी, किंवा नातलगाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांतले जे अगोदर येईल तेव्हा तपासणी करावी, असा सल्ला अमेरिकेतले तज्ज्ञ देतात. पण आपल्यापैकी किती जणांना आपले आजोबा कशाने गेले हे ठाऊक आहे? 'पोटाच्या दुखण्याने गेले' यापलीकडे घरात माहिती नसते. लग्नाच्या वेळी सात पिढ्यांची कुळी सांगणारे आपण, दोन पिढ्यांचे आजार सांगू शकत नाही. ही एक पानाची नोंद प्रत्येक घरात व्हावी, आणि ती करण्याचे काम घरातल्या शिकत्या मुलामुलींनी अंगावर घ्यावे. आणि रक्त पडले तर मूळव्याध म्हणून दोन महिने घरी न बसता डॉक्टरकडे जावे, हे त्याच पानाच्या माथ्यावर लिहावे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती मला सर्वांत निकडीची वाटते. मामांच्या कागदावर लिहिलेले सर्व खरे होते. तो कागद चुकीचा नव्हता. तो मुका होता. पॉलिपचा प्रकार कोणता, तो पूर्ण निघाला का, धोका कमी की जास्त, पुन्हा कधी यायचे आणि का, ही पाच उत्तरे मराठीत किंवा कन्नडात, रुग्णाला हवी त्या भाषेत, अर्ध्या पानावर छापून देणे कोणत्याही इस्पितळाला अशक्य नाही. बँकेने कर्जाच्या अटी गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत द्याव्यात, असा आग्रह आपण धरतो. शरीराच्या अटी त्याहून कमी महत्त्वाच्या आहेत काय? या अंकाचे दोन विभाग एकाच बांधणीत निघतात. विज्ञान शाखेच्या मित्रांनी मजकूर तपासावा, कन्नड विभागाच्या मित्रांनी तो कन्नडात उतरवावा, आम्ही वाणिज्यवाल्यांनी नमुन्याचे रकाने आखावेत. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले तर पुढच्या सत्रात हे काम होण्यासारखे आहे.

कोणता पॉलिप बिघडेल याचे पक्के उत्तर आज कोणाहीजवळ नाही. आकार, रचना, संख्या, पेशींचा बिघाड यांवरून अंदाज करता येतो, आणि तो दर दशकाला थोडा थोडा सुधारत आहे. सुधारतो आहे तो एखाद्या चमत्काराने नव्हे. कोणी तरी आधी लिहून ठेवले होते, आणि कोणी तरी नंतर ते उघडून पाहिले, म्हणून. हिशेबनीसाचे काम कमी प्रतीचे समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. आणि ज्यांच्या हाती असा एखादा कागद येईल, त्यांनी मुलीचे कॉलेज बंद करण्यापूर्वी तो समजावून देणारा माणूस आधी शोधावा. संशयित खाते आणि बुडीत खाते यांत फरक आहे, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात.